वठलेल्या झाडापलीकडचा माणूस

मित्रांनो, एका कार्यशाळेच्या मागच्या खोलीत, तुटक्या पंख्याच्या आणि रिकाम्या खोक्यांच्या आड, ताडपत्रीखाली एक चौकोनी वस्तू भिंतीकडे तोंड करून उभी आहे. कोणी तिला जुना फळा समजतं, कोणी बंद पडलेला टीव्ही. ती वस्तू म्हणजे मी. मी रडार आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'बिघडलेले'. या एका शब्दाचा मला जेवढा राग येतो, तेवढा धुळीचा येत नाही, जळमटांचा येत नाही आणि माझ्या पाठीत बिऱ्हाड केलेल्या पालीचाही येत नाही. मी बिघडलो नव्हतो. काय झालं ते ऐका, मग तुम्हीच ठरवा.

रडार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर विमानतळावर गरागरा फिरणारी ती मोठी परात येत असेल. ते माझे थोरले भाऊबंद. त्यांची नजर सदा आभाळात. मी धाकट्या घराण्यातला, जमिनीवर नजर ठेवणारा. धुकं असो, धूळ असो, माळावरून कोण चाललंय ते ओळखायचं, एवढंच माझं काम. मला तुमच्यासारखे डोळे नाहीत. मी रेडिओच्या लहरींची हाक मारतो. ती समोरच्या वस्तूवर आपटून परत येते आणि मी कान देऊन ती ऐकतो. दगडावरून येणारी हाक वेगळी, झुडपावरून येणारी वेगळी. चालणाऱ्या माणसाची तर सर्वांत वेगळी, कारण त्याचे हात हलतात, पाय हलतात, आणि त्या हलण्याची एक लय असते.

मला घडवलं ते एका बाईंनी. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचायची आणि मग तीच पेन्सिल खोलीभर शोधत फिरायची, ही त्यांची सवय. माझी एकेक तार त्यांनी स्वतः जोडली. भिंगातून बघत, श्वास रोखून. जोडणी चुकली की स्वतःवरच चिडायच्या आणि मला म्हणायच्या, "तुझी चूक नाही रे. माझाच हात घाईत होता." असं म्हणणारं माणूस पुढे काय म्हणेल, याची तेव्हा मला स्वप्नातही कल्पना आली नसती.

माझी चाचणी खोलीत होण्यासारखी नव्हती. मला मोकळं रान हवं. म्हणून गावाबाहेरच्या एका माळावर, एका टेकाडावर मला तिवईवर उभं केलं. शेजारी तंबू, तंबूत पडदा, खुर्च्या आणि चहाची किटली. माळाच्या मध्यावर एक वठलेलं झाड होतं. त्याच्या बरंच पलीकडे एक पांढरा खांब होता, आणि खांबाच्या मागे दगडाची खाण.

पण उठलं आणि मारली हाक, असं आमच्यात चालत नाही. हवा सगळ्यांची आहे. तिच्यात कोणी किती मोठ्याने आणि कोणत्या सुरात बोलायचं ते ठरवून देतात आणि तसा परवाना देतात. माझा परवाना प्रयोगापुरता होता. गाडी शिकणाऱ्याच्या गाडीला मागे पाटी लावतात ना, तसाच. याच माळावर बोलायचं, ठरवलेल्या जोरानेच बोलायचं, मुदत संपली की थांबायचं. दुसऱ्या कोणाच्या यंत्रात खरखर झाली तर त्याच क्षणी गप्प व्हायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मी अजून शिकतो आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबून कोणी जोखमीचं काम करायचं नाही.

यासाठी तंबूत एक लाल फोन ठेवलेला असे. त्याचा नंबर बाहेरच्या पाटीवर मोठ्या आकड्यांत रंगवला होता. कोणाला माझा त्रास झाला तर त्याने त्या नंबरवर फोन करायचा. फोन वाजला की आधी मला बंद करायचं आणि मग तो उचलायचा, असा बाईंचा दंडक. एकदा दूरच्या हवामान केंद्रातून फोन आला, त्यांच्या पडद्यावर रेघा उमटत होत्या. बाईंच्या हातात चहाचा कप होता. कप उलटला, साडीवर चहा सांडला, पण पहिली घंटा संपायच्या आत मी बंद झालेलो होतो. मला त्यांचा फार अभिमान वाटला. अशा सच्च्या माणसाच्या हातून आपण घडलो, असं मी मनात म्हणालो.

आता माझ्या लाडक्या माणसाची ओळख करून देतो. मी माणूस ओळखतो की नाही हे बघायचं, तर माझ्यासमोर कोणीतरी चालायला हवं. पुढे जायचं, मागे यायचं, पुन्हा जायचं. कंटाळवाणं काम, कोणी तयार होईना. तेव्हा बाईंचे वडील म्हणाले, "मी चालतो. जन्मभर तेच तर केलं." ते निवृत्त पोस्टमन होते. सगळे त्यांना पोस्टमनकाका म्हणत. उन्हात टोपी घालून, शीळ घालत ते माळावर चालत. त्यांचा उजवा पाय किंचित घासत पडे, त्यामुळे त्यांची लय मला हजारांत ओळखू आली असती. लांब गेले की ते वळत आणि वॉकीटॉकीवर विचारत,

"काय चौकटराव, दिसतोय का मी?"

हे नाव त्यांनीच मला ठेवलं होतं. बाई पडद्यावर बघत, खरंच बघत, आणि मग उत्तर देत, "दिसताय, बाबा." किंवा, "नाही दिसत. दोन पावलं अलीकडे या." काका यायचे. "आता?" "आता दिसताय." हा आमचा तिघांचा खेळच होऊन बसला होता. परत आले की काका माझ्या पाठीवर थाप मारत आणि थर्मासमधला चहा स्वतः पिऊन मला म्हणत, "तुला नाही मिळायचा, चौकटराव. तुझ्या पोटात तारा आहेत."

वठलेल्या झाडापर्यंत काका मला लख्ख दिसत. झाडापलीकडे मात्र ते विरत जात. हाक परत यायची, पण इतकी क्षीण की ती माणसाची आहे की हललेल्या गवताची, सांगता येत नसे. गवताच्या प्रत्येक पात्यावरून मी ओरडू लागलो तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून बाईंनी माझ्यासाठी हाकेच्या जोराची एक रेषा आखली होती. रेषेवरचं ऐकू आलं तर बोलायचं, रेषेखालचं असेल तर गप्प राहायचं. मी तो नियम कधी मोडला नाही.

एक वस्तू अजून सांगायची राहिली, कारण सगळं तिच्यावरच फिरणार आहे. पत्र्याचे तीन तुकडे काटकोनात जोडून केलेला एक कोपरा आमच्याकडे होता. त्याची खुबी अशी की त्याला कुठूनही हाक मारा, तो ती जशीच्या तशी सरळ माघारी धाडतो. लहानसा असतो, पण मला तो घराएवढा दिसतो. रोज सकाळी तो एका काठीवर लावून माझे कान जुळवत आणि काम झालं की काढून ठेवत. सतार लावायला सूर धरतात तसंच. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा नव्हतं.

पुढे कार्यशाळेचे साहेब माळावर येऊ लागले. साहेब गोड बोलायचे, पण त्यांच्या बोलण्यात नेहमी एक 'फक्त' असायचा. ते म्हणाले, "बाई, खाणीचे मुकादम आपलं यंत्र बघायला येताहेत. सुरुंग लावण्याआधी माळावर कोणी आहे का, हे त्यांना बघायचं असतं. धुक्यात त्यांच्या माणसांना दिसत नाही. फक्त पांढऱ्या खांबापर्यंत दिसलं पाहिजे, बस."

"खांबापर्यंत नाही दिसत, साहेब. झाडापर्यंत दिसतं. अजून वर्षभर काम करावं लागेल."

"परवान्याची मुदत संपत आली. मुकादम नाही म्हणाले तर पुढचा परवानाही नको आणि कार्यशाळाही नको. याला मोडीत घालावं लागेल." साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही हुशार आहात. बघा काहीतरी."

बाई त्या दिवशी खूप वेळ माझ्यासमोर बसून राहिल्या. पेन्सिल केसांतच होती, पण त्यांनी ती शोधलीसुद्धा नाही.

मुकादम आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. धिप्पाड माणूस, आवाज खडीच्या यंत्रासारखा, पण खुर्चीवर बसण्याआधी ती पुसून घेणारा. बाईंनी काकांच्या पाठीवर एक कापडी पिशवी अडकवली. "यात काय गं?" काकांनी विचारलं. "बॅटऱ्या आहेत, बाबा. जपून चाला, उघडू नका." काका शीळ घालत निघाले. झाडापाशी पोचले आणि, मित्रांनो, काय सांगू! झाड ओलांडल्यावर ते विरले नाहीत. उलट झगझगीत झाले. खांबापर्यंत गेले तरी ठिपका दिव्यासारखा जळत होता.

"काय चौकटराव, दिसतोय का मी?"

"दिसताय, बाबा," बाई म्हणाल्या. पडद्याकडे न बघता.

मुकादमांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझी तोंडभरून स्तुती केली. मला वाटलं, माझी नजर वाढली! मुलांची उंची एका सुट्टीत वाढते, तसं काही आपलंही झालं असेल. एकच गोष्ट खटकली. झाडापलीकडे गेल्यावर काकांचे पाय मला सापडेनात. ती उजव्या पायाची घासती लय नव्हतीच. नुसता एक ठिपका, पायांवाचून चालणारा. पण चारचौघांत आपलं कौतुक चाललेलं असताना अशा बारीकसारीक गोष्टी कोण काढत बसतं?

त्या गडबडीत काका आपला थर्मास खांबाला अडकवून विसरून आले. एवढीशी गोष्ट, पण लक्षात ठेवा.

आमच्या माळावर सुरुंगाचे दगड उडून येत, म्हणून खाणीची माणसं लाल झेंडे घेऊन आधी सगळा माळ फिरत, कोणी असलं तर हाकलत, आणि मगच भोंगा वाजे. काही दिवसांनी धुकं दाटलेल्या एका सकाळी मुकादम आमच्या तंबूत आले. खाणीतून तार ओढून आणलेली सुरुंगाची कळ आणि भोंग्याचं बटण त्यांच्या हाताशी होतं. साहेब म्हणाले, "आज झेंडेवाल्यांना कशाला पळवता? यंत्र बघतंय की."

बाई पटकन म्हणाल्या, "साहेब, परवाना प्रयोगापुरता आहे. याच्या शब्दावर असं काही करायचं नाही."

"हाही प्रयोगच ना? आणि या धुक्यात माळावर चिटपाखरूही नसतं. घाबरताय कशाला? परवा तुम्हीच तर दाखवलंत."

बाई पडद्याकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. परवा ठिपका माणसाचा नव्हता, एवढंच. ते त्यांनी म्हटलं नाही, आणि मला तर तोवर काहीच ठाऊक नव्हतं.

काकांना त्या दिवशी सुट्टी होती. पण चहाबाज माणसाला थर्मासशिवाय चैन पडेना. ते खाणीकडच्या पायवाटेने परस्पर खांबापाशी आले. आम्हाला कोणालाच पत्ता नाही. पाठीवर पिशवी नाही, हातात वॉकीटॉकी नाही, खिशात फक्त मोबाइल.

मी माळभर हाका मारत होतो. खांबाच्या बाजूला काहीतरी पुसटसं हललं. मला ते ऐकू आलं, खरंच ऐकू आलं. पण ते रेषेच्या खाली होतं. रेषेखालचं बोलायचं नाही. पडद्यावर हिरवा दिवा लागला, माळ रिकामा. मुकादमांनी भोंगा वाजवला आणि कळीवर हात ठेवला.

तेवढ्यात लाल फोन वाजला.

बाईंचा हात सवयीने माझ्या बटणाकडे गेला. मी बंद झालो. त्यानंतर मी आजपर्यंत चालू झालेलो नाही. पण फोनमधला आवाज साऱ्या तंबूला ऐकू गेला. पाटीवरचा नंबर काकांना पाठ होता. पोस्टमनच ते. आवाज हसरा होता, भोंगा ऐकूनही हसरा.

"काय चौकटराव, दिसतोय का मी? खांबापाशी आहे. थर्मास सापडला बरं का!"

"थांबा!" बाई किंचाळल्या. "कळ सोडा! माझे बाबा आहेत तिथे!"

मुकादमांनी हात असा मागे घेतला, जणू कळ तापली होती. मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "बाई, यंत्र तर रिकामा माळ दाखवत होतं. परवा त्याच जागी तुमचे वडील दिव्यासारखे दिसत होते. मग आज का नाही दिसले?"

साहेबांनी खाली बघून चप्पल नीट केली. मी वाट पाहत होतो. आता तरी त्या सांगतील. जिने चहा सांडला पण नियम मोडला नाही, जी म्हणायची 'तुझी चूक नाही रे', ती माझी बाई आता सांगेल.

"बिघडलंय ते," बाई म्हणाल्या. "आज सकाळीच बिघडलं असणार."

मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. नाचता येईना अंगण वाकडं, अशी तुम्ही एकमेकांची चेष्टा करता. कधी त्या अंगणाला विचारलंय, कसं वाटतं म्हणून? परक्याने म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. ज्या हातांनी मला घडवलं, त्याच हातांनी माझ्या गळ्यात ही चिठ्ठी बांधली. गाठसुद्धा पक्की मारली. बाईंची प्रत्येक जोडणी पक्कीच असे.

मला या खोलीत आणून टाकलं. साहेबांनी मुकादमांना सांगितलं की हे खराब निघालं, दुसरं नवं करून देतो, खांबापर्यंत दिसणारं. नवा परवानाही मागितला. माझी बाजू मांडायला मला एकदा चालू करून पाहणं पुरेसं होतं. पण मुदत संपलेली. माझ्या तोंडून एक हाक निघाली तरी ती आता बेकायदा. खोटं बोलायला कोणाला परवाना लागला नाही, खरं बोलायला मात्र लागत होता.

मग एक दिवस दाराशी पावलं वाजली. उजवा पाय किंचित घासत. काका आले होते, मागे बाई. काकांच्या हातात ती कापडी पिशवी होती. त्यांनी माझं तोंड भिंतीकडून आपल्याकडे वळवलं, ताडपत्री सारली, आणि पिशवीतून तो तीन पत्र्यांचा कोपरा काढून माझ्यासमोरच्या खोक्यावर ठेवला.

"जन्मभर बंद पाकिटं वाहिली, पण कधी फोडून बघितली नाहीत," ते म्हणाले. "ही पिशवीही नसती उघडली. पण त्या दिवशी मी भोंगा ऐकूनही हललो नाही. का? तर चौकटराव बघतोय म्हणून. मग विचार केला, परवा दिसलो तो आज का दिसू नये?"

बाई दाराला टेकून उभ्या होत्या.

"याला हा पत्रा दिसत होता. मी नाही. होय ना?"

"बाबा, मी ते याच्यासाठीच केलं. याला मोडीत घातलं असतं."

"याच्यासाठी?" काकांनी माझ्या गळ्यातली चिठ्ठी उलटसुलट करून वाचली. "बरं. हे राहू दे. माझ्याकडे बघ." ते तिच्यापासून दोन पावलांवर उभे राहिले, टोपी काढून. "मी तुला दिसतोय का?"

माळावर हा प्रश्न मी कितीदा ऐकला होता. त्या खोलीत तो ऐकवेना. बाईंनी मान वर केली, पण पुन्हा खाली घातली. मग त्या म्हणाल्या,

"नव्हतात दिसत, बाबा. झाडापलीकडे तुम्ही कधीच दिसला नाहीत."

"हे मुकादमांना सांग."

"सांगते. उद्या जाते."

काका तिच्याकडे बघत राहिले. तिला लहानपणापासून ओळखत होते ना. त्यांनी कोपरा पुन्हा पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "राहू दे. पोचवायची सवय मला आहे." त्यांची पावलं अंगणातून खाणीच्या वाटेकडे गेली. ती लय ऐकू येईनाशी होईपर्यंत बाई तिथेच उभ्या होत्या. नंतर त्यांनी जमिनीवरची ताडपत्री उचलली, माझ्यावर घातली आणि माझं तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं. हळूच वळवलं, हे मान्य करतो. पण वळवलं.

खाणीत आता पूर्वीसारखे झेंडेवाले फिरतात. मुकादमांनी नवं यंत्र नको म्हणून कळवलं. कोपरा त्यांनी म्हणे भोंग्याशेजारीच टांगून ठेवलाय, आठवणीसाठी. कोणाचा जीव गेला नाही, हे फार चांगलं झालं. बाई दुसरीकडे काम करतात, वडिलांशी पुन्हा बोलू लागल्या आहेत. वडील ते, माफ करतात. मला मात्र त्या भेटायला आल्या नाहीत. चिठ्ठीची गाठ सोडायला किती वेळ लागला असता?

मित्रांनो, माझ्यासारखे जुने सोबती शेवटी सांगतात की आम्हाला पुसा, तेल घाला, जपून वापरा. मी तेवढं मागत नाही. धूळ बसली तरी चालेल. फक्त आमच्या तोंडी खोटं घालू नका, आणि घातलंत तर ते आमच्या माथी मारू नका. मला झाडापर्यंत दिसत होतं, आणि तेवढं अगदी खरं दिसत होतं. झाडापर्यंत दिसणं ही काही लाजेची गोष्ट नव्हती.

आणि कधी कोणी लांबून विश्वासाने विचारलं, 'दिसतोय का मी?', तर आधी बघा. मग उत्तर द्या. पलीकडे कोणीतरी थर्मास हातात घेऊन, हसत, तुमच्या शब्दावर उभं असतं.